नकाराचा अधिकार

पॅरिस, ११ ऑगस्ट १७९२, शनिवार

कालपासून खिडकी उघडलेली नाही. तरी धुराचा वास आत येतोच.

राजवाडा लोकांच्या हाती पडला. राजा बायकामुलांना घेऊन चालत राष्ट्रीय सभेच्या आश्रयाला गेला आणि सभेनं त्याला निलंबित केलं. निलंबित! एखाद्या कारकुनाला करावं तसं. माझा नवरा गास्पार तिथे नव्हता. सभेचा प्रतिनिधी, आणि सभेत नाही. तोफेचा पहिला आवाज झाला आणि त्याला ताप भरला. दिवसभर पांघरुणात. संध्याकाळी हळूच विचारलं, "कोण जिंकलं?" मी सांगितलं. ताप उतरला.

आमची मोलकरीण तोआनेत अजून परतली नाही. तिचा भाऊ निकेझ टोप्यांच्या कारखान्यात कारागीर आहे. पेठेच्या तुकडीबरोबर तोही राजवाड्यावर गेलाय. स्वयंपाकघरात सगळं जिथल्या तिथे पडून आहे. मीच पाव कापला, कांद्याचं सूप केलं. खारट झालं.

१२ ऑगस्ट

निकेझ गेला. राजवाड्याच्या अंगणात, राजाच्या स्विस शिपायांच्या पहिल्याच फैरीत.

तोआनेत आली ती सरळ चुलीपाशी बसली. रडली नाही. मी जवळ गेले तर म्हणाली, "बाई, आत्ता नको. आत्ता तुमचा हात नको."

१४ ऑगस्ट

झोप नाही. लिहावं म्हणते. या वहीत तरी माझं मी लिहावं.

मागच्या सप्टेंबरात राजानं राज्यघटनेची शपथ घेतली तेव्हा आम्ही सगळे रस्त्यावर होतो. झाडाझाडांवर दिवे. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. ब्रेसाक काका, माझ्या वडिलांचे मित्र, ज्यांनी मला कायद्याची पुस्तकं वाचायला शिकवली ते, चक्क नाचले! संधिवाताच्या पायांनी! म्हणाले, "आपोलिन, बघ, रक्त न सांडता झालं. राजा आहे, आणि त्याच्या डोक्यावर कायदा आहे. आता घाबरायचं कुणाला?"

वर्षही झालं नाही.

आमचं म्हणणं एवढंच होतं. राजा असावा, कारण एवढा मोठा देश एका कुणाकडे तरी बघून एकत्र राहतो. पण त्याच्या मर्जीनं काही चालू नये. कर बसवायचे सभेनं, कायदे करायचे सभेनं. राजानं फार तर एखाद्या कायद्याला काही काळ 'नाही' म्हणावं. तो नकार राजाच्या मानासाठी नव्हे. सभा भडकली असेल तर तिला दम खायला वेळ मिळावा म्हणून. मी हे किती वेळा लिहिलं! नकाराच्या अधिकारावरचं गास्पारचं भाषण वर्तमानपत्रांनी अख्खं छापलं. लोक म्हणाले, गास्पार तेसिएचं वाक्य कसं खणखणीत असतं. आवाज त्याचा. वाक्य माझं. मला तेव्हा त्यात काही कमी वाटलं नाही. खरं तर मजा वाटायची. गॅलरीत बायकांच्या गर्दीत बसून आपलंच वाक्य हजार माणसांवर पडताना ऐकायचं!

माझा दीर सरहद्दीपलीकडे पळालेल्या सरदारांमध्ये जाऊन बसलाय. तो आम्हाला राजद्रोही म्हणतो. इथले राजाविरोधी क्लबवाले आम्हाला राजाचे कुत्रे म्हणतात. मधे उभं राहिलं की दोन्हीकडून चिखल.

आणि ज्याच्यासाठी सगळं मांडलं तो राजा! मागच्या वर्षी वेष बदलून पळायला निघाला. या वर्षी नको तिथे 'नाही' म्हणत बसला, आणि लोकांनी त्याचं नावच श्रीमान नकार ठेवलं. आम्ही त्याच्यासाठी घर बांधत होतो आणि तो खिडकीतून उडी मारत होता.

१७ ऑगस्ट

शहराच्या वेशी बंद. परवाना असल्याशिवाय कुणी बाहेर नाही, आणि परवाने देत नाहीत. रुआँला वडिलांच्या घरी जायचं म्हणत होते. गास्पार म्हणाला, "आत्ता जाणं म्हणजे गुन्हा कबूल करणं."

"कसला गुन्हा?"

"तेच. ते ठरायचंय अजून."

१९ ऑगस्ट

गास्पारनं नवी शपथ घेतली. स्वातंत्र्य आणि समता. राजाचं नाव वगळून. घरी आला तो हलका होऊन. वांग्याच्या रंगाचा रेशमी कोट काढला, जाडाभरडा घातला. आरशात बघत म्हणाला, "बरा दिसतो ना?"

खरंच बरा दिसत होता. हेच वाईट.

२२ ऑगस्ट

आज त्यानं मागितलंच.

जेवताना एकदम गोड. मसुरात मीठ बरोबर आहे म्हणाला. मग म्हणाला, "पेठेच्या बैठकीत मला बोलायला लावलंय. रविवारी. राजेपण का नको, यावर."

"मग बोला."

"आपोलिन, वेड्यासारखं करू नकोस. कधी लिहून देतेस?"

मी ताटातून वर बघितलं नाही. म्हणाले, "जे वर्षभर लिहिलं त्याच्या उलट?"

"उलट कसलं? परिस्थिती बदलली. तुझ्याच शब्दांत मांड की. राजानं करार मोडला, तर करार संपला. तूच म्हणायचीस."

म्हणायचे. राज्यघटनेत तसं आहेच. राजा कोणत्या कारणांनी पद गमावतो ते कलमवार लिहिलेलं आहे. पण त्यात 'राजवाड्यावर तोफा लावल्या तर' असं कलम नाही!

मी नाही म्हटलं. त्यानं खुर्ची मागे सारली. "तू नाही म्हणू शकतेस. कारण पकडायला येतील ते मला." मग दारातून वळून, "आणि माझ्यामागून तुला."

दारावर त्यानं कुलूप नाही लावलं. गरजच नाही. जाणार कुठे? शहरच बंद आहे.

२४ ऑगस्ट

लिहून दिलं.

चार पानं. वाईट लिहावं म्हणून बसले होते. जमलं नाही. हात चुकत नाही, काय करू! तिसऱ्या पानावर एक वाक्य असं उतरलं की मीच थबकले. एवढं चांगलं वाक्य मी आमच्या बाजूनं कधी लिहिलं नव्हतं.

२६ ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये पेठेची बैठक. मी मागे बायकांत. गास्पार चढला, बोलला. टाळ्या, आरोळ्या, टोप्या हवेत. माझ्या शेजारची मासेवाली मला कोपरानं ढोसून म्हणाली, "काय बोलतो गं मेला! पोटातून येतंय बघ त्याच्या!"

मी हसले. दुसरं काय करणार होते?

पेठेच्या समितीचा प्रमुख रोक म्हणून एक सुऱ्या-कात्र्या बनवणारा आहे. त्यानं गास्पारचे दोन्ही गाल चुंबले.

३० ऑगस्ट

काल रात्रभर घरोघर झडती. शस्त्रं शोधायला, आणि माणसं. आमच्याकडे चौघं आले. गास्पारचं नाव ऐकून सलाम करून गेले. मला त्या सलामाची किंमत माहीत आहे, मी ती चार पानांत मोजली आहे.

सकाळी कळलं, ब्रेसाक काकांना नेलं. झोपेच्या टोपीवर नेलं, पायात बूटही घालू दिले नाहीत, असं त्यांची दारवानबाई सांगत होती. मठाचा तुरुंग केलाय, तिथे ठेवलंय. आरोप काय? राजाच्या बाजूचा क्लब. त्याच क्लबात गास्पार होता. त्याच बाकावर!

मी धावत आत गेले. "तुम्ही रोकला सांगा. तुमच्या एका शब्दानं सुटतील."

गास्पार दाढी करत होता. वस्तरा थांबला. "आणि रोकनं विचारलं, तुझी त्यांची ओळख कशी, तर?"

"तर खरं सांगा."

"नव्या सभेच्या निवडणुका आहेत या आठवड्यात. माझं नाव आलंय." पुन्हा दाढी सुरू. "त्यांचं वय झालंय, आपोलिन. म्हाताऱ्यांना कुणी काही करत नाही. चार दिवसांत सोडतील."

३१ ऑगस्ट

पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.

मी एकटीच समितीकडे गेले. तासभर उभं ठेवलं. रोक भला दिसतो, पण थकलेला. म्हणाला, "नागरिक बाई, तुमचे यजमान येऊन सांगू देत. बायकोच्या सांगण्यावर मी राजाची माणसं सोडली तर उद्या मीच आत."

येताना पुलावर थांबले. नदीवर कपडे धुणाऱ्या बायकांच्या नावा. कुणीतरी गात होतं. एवढं मोठं शहर, आणि मला हलायला वीतभर जागा नाही. घरात गास्पार. बाहेर वेशी. डोक्यात तेच भाषण, ज्याला टाळ्या पडल्या.

१ सप्टेंबर

जे कुणाला विचारू नये ते आज तोआनेतला विचारलं.

ती तांब्याचं पातेलं घासत होती. दंडाला काळी फीत. मी उभी राहिले. म्हणाले, "तोआनेत, हा हुकूम नव्हे. विचारतेय."

"विचारा."

"ब्रेसाक काकांसाठी समितीकडे येशील? तू निकेझची बहीण. तुझं ते ऐकतील."

पातेलं घासणं थांबलं नाही. "म्हातारेबुवा राजाच्या बाजूचे होते?"

"हो."

"तुम्ही?"

"मीही."

"आणि मग ते साहेबांचं रविवारचं भाषण?"

ती सगळं ओळखून होती. किती दिवसांपासून, कोण जाणे. मी म्हणाले, "ते मी लिहिलं. भीतीनं."

आता ती वळली. डोळे कोरडे. "तुमच्या त्या कायद्यातल्या राजाच्या शिपायांनी माझ्या भावाच्या छातीत गोळी घातली, बाई. बावीस वर्षांचा होता. त्या कायद्यात त्याच्यासाठी काय लिहिलं होतं हो तुम्ही?"

मतदानाचा हक्क मिळायला किती कर भरावा लागेल ते आम्ही ठरवलं होतं. निकेझ तेवढा भरत नव्हता. म्हणजे त्याच्यासाठी काहीच लिहिलं नव्हतं. हे मी तिला सांगितलं. जसंच्या तसं.

तिनं हात पुसले. "मी खोटं बोलणार नाही. म्हातारा आमच्या बाजूचा होता, असं मी म्हणणार नाही."

"नको म्हणूस."

"आणि तुमच्यासाठी येत नाहीये मी."

"माहीत आहे."

२ सप्टेंबर, रविवार, सकाळ

गेलो. काल उशीर झाला होता, म्हणून आज उजाडताच.

समितीत गर्दी, ओरडा. प्रशियाचं सैन्य चालून येतंय, म्हणून सगळे पिसाळलेले. मी बोलायला तोंड उघडलं तर एकानं "बस खाली!" म्हणून दरडावलं. तोआनेत मला बाजूला सारून पुढे गेली. टेबलावर दोन्ही हात टेकले.

"मी निकेझ कारोंची बहीण."

दोघांनी टोप्या काढल्या.

"तुम्ही धरलेला ब्रेसाक म्हातारा राजाचा माणूस आहे. मूर्ख आहे. पुस्तकं वाचून वाचून झालाय. पण गोळी त्यानं झाडली नाही. माझ्या भावाच्या नावावर तुम्ही आणखी कुणाला मारणार असाल, तर आधी मला विचारा. माझा भाऊ आहे तो, तुमचा नाही."

कुणीतरी मागून म्हणालं, "हिला राजावाल्यांनी पैसे चारले!" तोआनेत नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तो नजर चुकवून बाहेर गेला.

रोकनं सुटकेचा हुकूम लिहिला. शाई वाळायच्या आत माझ्या हातात कोंबला. हळूच म्हणाला, "आत्ता जा. जेवायला थांबू नका."

थांबलो नाही. मठाच्या दाराशी वाद, धक्काबुक्की, पुन्हा तोआनेतचा आवाज. मग काका बाहेर आले. कुणाची तरी लाकडी पायताणं घातलेली, उन्हात डोळे मिचकावत. म्हणाले, "आपोलिन, आत चांगली माणसं आहेत. दोघा-तिघांसाठी पुन्हा येऊ."

त्याच दिवशी, संध्याकाळ

दुपारपासून धोक्याची घंटा. थांबतच नाही.

पिसाळलेले लोक तुरुंगांत घुसून कैद्यांना कापतायत. काका ज्या मठात होते तिथेसुद्धा. तिथे तर आधी.

काका आमच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेत. मी सूप नेलं. म्हणाले, "एक जण होता, पाद्री. मला स्वतःची घोंगडी दिली होती." एवढंच.

३ सप्टेंबर

चालूच आहे. लिहिता येत नाही.

५ सप्टेंबर

गास्पारला काकांचं आजच कळलं. तीन दिवस तो घरी नव्हताच, निवडणुकीच्या धावपळीत होता. खोलीचं दार उघडलं, काकांना बघितलं, दार लावलं. मग मला दिवाणखान्यात ओढत नेऊन, आवाज दाबून, "माझ्या छपराखाली? या आठवड्यात? तुला मला मारायचंय का?"

"ते सुटलेत. हुकूम आहे."

"आज सुटले, उद्या पुन्हा धरतील. तेव्हा विचारतील, होते कुठे!" मला क्षणभर कीवच आली. हा माणूस दुष्ट नाही. फक्त घाबरट आहे, आणि आवाज सुंदर आहे. "दोन दिवसांत गेले पाहिजेत. नाहीतर मी स्वतः रोकला सांगेन."

भिंत पातळ. काकांनी सगळं ऐकलं होतं. मी आत गेले तर ते पायताणं घालत होते.

७ सप्टेंबर

तोआनेतनं त्यांना नेलं. पिकार्दीत, तिच्या गावी. वेशी उघडल्यात थोड्या. मामा म्हणून नेतेय. निकेझच्या मरणाची बातमी आईला सांगायची राहिलीय, तेही होईल म्हणाली.

निघताना काका तिला म्हणाले, "मुली, तुझ्या भावावर... म्हणजे आमच्या राजानं..." आणि अडखळले. आयुष्यभर न अडखळता बोललेला माणूस! तोआनेत म्हणाली, "मामा, गाडीत गप्प बसायचं. तुमचं बोलणं ऐकलं की लगेच कळतं, हे मामा नव्हेत."

काका हसले. त्या दिवसानंतर प्रथमच.

मला म्हणाली, "तुम्हीही चला, बाई."

परवाना दोघांचाच होता.

८ सप्टेंबर

घर रिकामं.

१२ सप्टेंबर

गास्पार निवडून आला. नव्या सभेत तो डावीकडे, जहालांच्या वरच्या बाकांवर बसणार आहे. घरी शॅम्पेन, रोक, आणखी सहा-सात जण. मला म्हणाले, नागरिक तेसिएची अर्धांगी! मी ग्लास भरत होते. रोक माझी नजर टाळत होता. जाताना दारात पुटपुटला, "म्हातारेबुवा?" मी हळूच म्हणाले, "सुखरूप." त्यानं निःश्वास सोडला आणि मोठ्यानं म्हणाला, "राष्ट्र चिरायू होवो!"

सगळे गेल्यावर गास्पारनं को‍रे कागद माझ्यापुढे ठेवले. नव्या सभेतलं पहिलं भाषण. कोपऱ्यात नवा टाक, नवी शाई. प्रेमानं आणलेली. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्याशिवाय मी काहीच नाही, आपोलिन." आणि ते खरं आहे! म्हणून तर तो मला कधी सोडणार नाही.

१५ सप्टेंबर

कोरे कागद तसेच. तो रोज बघतो. काही बोलत नाही. जेवायला मात्र समोर बसून राहतो, मी उठेपर्यंत.

वडिलांना लिहिलं होतं की येऊ का. आज उत्तर आलं. लग्न झालेल्या मुलीची जागा नवऱ्याच्या घरी. ते राजाच्या बाजूचे नाहीत, प्रजेच्या बाजूचे नाहीत. ते नवऱ्याच्या बाजूचे.

१८ सप्टेंबर

विचार करत होते. आम्ही राजाला बांधलं. त्याचा खर्च, त्याचे मंत्री, त्याची सही, सगळं. देशातल्या सगळ्यात मोठ्या घरधन्याला बांधायला दोन वर्षं रात्रंदिवस बसलो. बाकीच्या घरधन्यांचं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. मी टाक हातात धरून तिथेच तर बसले होते.

२१ सप्टेंबर

राजेपण रद्द. नव्या सभेच्या पहिल्याच दिवशी, चर्चाही न होता. गास्पार न बोलताच परत आला. बोलायची पाळीच आली नाही. त्याचं भाषण नव्हतंच, हे कुणाला कळलंही नाही! वाचला!

रस्त्यात मशाली, ढोल. मी खिडकीत. रडू येईल वाटलं होतं. आलं नाही. फक्त ब्रेसाक काकांचा तो नाच आठवला.

गास्पार खुशीत. मांस कापता कापता म्हणाला, "आणि गंमत ऐक. जुन्या सभेनं काल उठता उठता काय मंजूर केलं? घटस्फोट! बाईसुद्धा मागू शकते. पटत नाही एवढं कारण पुरे. पॅरिसमधल्या अर्ध्या चुली आता थंड पडणार!" आणि खो खो हसला.

मी म्हणाले, "वाटाणे वाढू?"

"वाढ," तो म्हणाला.

९ ऑक्टोबर

नगरपालिकेत गेले. रांग होती. माझ्यापुढे एक विणकरीण आणि एक फार म्हातारी बाई, दोघी हसत होत्या. कारकुनानं वर न बघता विचारलं, "नाव?"

"आपोलिन मारेशाल." लग्नाआधीचं. किती वर्षांनी जिभेवर आलं!

"कुणाविरुद्ध?"

सांगितलं. आता त्यानं वर बघितलं. नाव ऐकून टाक थांबला त्याचा.

"नागरिक बाई, तुम्ही स्वतः काय करता?"

"लिहिते," मी म्हणाले.